ब्लँकेटे वाटून झाली, आता बैठकीला जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस आले आहेत. सभासदांच्या घरी अहवाल पोहोचले आहेत आणि त्यांत नेहमीप्रमाणे गाळप, उतारा, उपपदार्थ, ठेवी आणि कर्जे यांचे तक्ते आहेत. येत्या हंगामासाठी किती ट्रॅक्टरचे आणि किती बैलगाड्यांचे तोडणी-वाहतूक करार झाले, हेही एका परिच्छेदात दिलेले असते. त्या गाड्यांबरोबर ऊसतोड मजुरांची जी हजारो कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे आपल्या शिवारात येऊन पाच-सहा महिने राहणार आहेत, ती कुठे उतरतील, कुठले पाणी पितील, त्यांची मुले कोणत्या शाळेत बसतील, आणि त्यांचे काही म्हणणे असेल तर ते कारखान्याने कोणाच्या तोंडून ऐकायचे, याविषयी मात्र अहवालात एक ओळ सापडत नाही. सभांच्या तोंडावर हे पत्र लिहिण्याचे कारण तेच आहे.

आपल्या दैनिकातही हंगाम सुरू झाला की तळांवरच्या, म्हणजे या मजुरांच्या हंगामी वस्त्यांवरच्या, बातम्या येतात. त्या साधारण दोन प्रकारच्या असतात. खोपींना आग लागली, बैलगाडीला ट्रकची धडक बसली, पाण्याच्या टाकीत मूल पडले, ही एक जात; आणि अमुक मंडळाने किंवा पतसंस्थेने तळावर जाऊन ब्लँकेटे, स्वेटर आणि वह्या वाटल्या, ही दुसरी. वाटणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. कृष्णाकाठच्या उसाच्या रानातली पौषातली थंडी ज्याने अनुभवली आहे, तो ब्लँकेटला नावे ठेवणार नाही. पण या मजुरांनी एकत्र बसून आपसात काही ठरवले, ते गावासमोर किंवा कारखान्यासमोर मांडले आणि तडीस नेले, अशी बातमी जवळजवळ कधीच येत नाही. ती यावी, अशी परिस्थिती आपण निर्माण करू शकतो, एवढेच मला मांडायचे आहे.

ही माणसे येतात कुठून, हे सर्वांना माहीत आहे. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी आणि धाराशिव हे जिल्हे तर आहेतच, पण आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातूनही दरवर्षी टोळ्या निघतात, हे आपण सोयीने विसरतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यामागे पावसाळ्यातच टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ती मुलीच्या लग्नात, दवाखान्यात किंवा बैलजोडीत खर्च झालेली असते आणि पुढचा सारा हंगाम ती फेडण्यात जातो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. ही वाढ मोठी होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण दोघांनी पहाटेच्या अंधारात फडात उतरून, मोळ्या बांधून, डोक्यावरून गाडीपर्यंत नेऊन, दिवसाकाठी दोन टन भरले तर दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात, म्हणजे माणशी ३६६. रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावे लागते, त्याचा हिशेब यात धरलेला नाही. सकाळच्या स्वयंपाकाचा, पाणी भरण्याचा आणि लेकरे सांभाळण्याचा तर कोणत्याच हिशेबात येत नाही. तो फक्त बाईच्या अंगावर पडतो.

या माणसांची संघटना का होत नाही, याची कारणे त्यांच्या अडाणीपणात शोधण्याची आपल्याला सवय आहे. खरी कारणे व्यवस्थेत आहेत. कारखान्याचा करार वाहनमालकाशी, वाहनमालकाचा मुकादमाशी आणि मुकादमाचा तोंडी करार कोयत्याशी. त्यामुळे ज्याच्या उसाला कोयता लागतो तो शेतकरी, ज्याच्या गव्हाणीत तो ऊस पडतो तो कारखाना आणि प्रत्यक्ष तोडणारा माणूस, यांचा एकमेकांशी कागदोपत्री काहीच संबंध उरत नाही. तळ दरवर्षी मोडतो आणि दरवर्षी नव्या माणसांचा बनतो. इथे मत नाही, म्हणून सरपंचाला त्यांची गरज नाही. आणि मतदानाच्या वेळी गावी नसल्यास तिकडच्या सरपंचालाही ती असेलच असे नाही. कायद्याचेही तेच. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला, तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेल्या जाणाऱ्या मजुरांसाठी. विजयपूरहून मिरजेला आलेला मजूर त्याच्या व्याख्येत बसू शकत होता. वडवणीहून पलूसला, म्हणजे कितीतरी जास्त अंतर तोडून आलेला मजूर मात्र बसत नव्हता, कारण मध्ये राज्याची हद्द लागत नाही. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ मार्गी लागले. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरले. मुलांसाठी संत भगवान बाबा यांच्या नावाची वसतिगृहे मंजूर झाली. हे सगळे हवेच होते. पण यातले काहीही तळावर पोहोचवायचे आणि पोहोचले की नाही हे विचारायचे, तर तिथे बोलणारा कोणीतरी असावा लागतो. आज तिथे मुकादम बोलतो.

सातारा-सांगलीच्या वाचकाला हे विस्ताराने सांगण्याची खरे तर गरज पडू नये. पाटण, जावळी, खटाव, माण, शिराळा, खानापूर, आटपाडी या तालुक्यांत असे घर शोधून सापडायचे नाही, की ज्यातला कोणी मुंबईला गेला नाही. गिरणीत, गोदीत, मशीद बंदरच्या गोदामांत आपली माणसे राबली. लालबाग-परळच्या चाळींत गावाच्या नावाची एक खोली असे. तिथे एक पाळी कामाला गेली की दुसरी पाळी त्याच जागी अंग टाकी आणि सामानाची ट्रंक भिंतीला टांगलेली असे. पण त्या खोलीचे एक मंडळ होते आणि मंडळाची एक वही होती. खोलीचे भाडे, नव्याने आलेल्या पोराचा पहिल्या महिन्याचा खर्च, आजाऱ्याला एस.टी.त बसवून देण्याचा खर्च, मयताचा खर्च, गावच्या शाळेच्या पत्र्याची वर्गणी, हे सगळे त्या वहीत लिहिले जाई आणि महिन्यातल्या एका रविवारी वाचून दाखवले जाई. माझे वडील मशीद बंदरात पोती वाहत. त्यांचे शिक्षण दुसरीपर्यंत झाले होते, पण मंडळाच्या वहीतल्या आकड्यात आठ आण्यांचा फरक आला तर त्यांना तो तोंडपाठ सांगता येई. घाटी म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसांनी परक्या शहरात पाय रोवले, ते कोणी ब्लँकेटे वाटली म्हणून नाही. त्यांना बसायला एक खोली होती आणि तिथे बसून त्यांनी आपला कारभार आपण केला.

त्याच माणसांतून माथाडींची चळवळ उभी राहिली. तिचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. बाजारातल्या ओझेवाल्यांचे मालक रोज बदलत. आज या पेढीचा ट्रक, उद्या त्या पेढीचा. मग जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कोणालाच सोडवता येत नव्हता आणि टोळीच्या मुकादमाला तो सुटायला नको होता. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यावर जो तोडगा काढला, तो आजही अभ्यासण्यासारखा आहे. मालकांनी मंडळाकडे नोंदणी करायची, कामगारांनीही करायची; मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळात भरायची; मंडळाने मजुरी कामगाराला द्यायची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), रजा व दवाखाना यांची तरतूद करायची. मालक कितीही असोत, कामगाराचे खाते एकच. ऊसतोडीला हीच रचना लागू करा, अशी मागणी ऊसतोड संघटना अनेक वर्षे करत आहेत. ती अव्यवहार्य आहे, असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की साखर कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचे वजन, गट नंबर आणि वेळ यांची संगणकीय नोंद होते. मशीद बंदरात पोत्यांचा हिशेब खडूने भिंतीवर ठेवला जाई, तिथे जर मंडळ चालू शकले, तर इथे न चालण्याचे कारण काय? माथाडीच्या नावाखाली औद्योगिक वसाहतींत पैसे उकळणाऱ्या टोळ्या पुढे निघाल्या, हेही खरे आहे आणि ते झाकून ठेवू नये. ज्या संघटनेत सभासद बैठकीला येत नाहीत आणि वही वाचली जात नाही, तिचे असेच होते.

यात बायकांचा वाटा आपण कमी लेखतो. गिरणगावात आपल्याकडच्या शेकडो बायकांनी खानावळी चालवल्या. पाच-पंचवीस गिरणी कामगारांचे दोन वेळचे जेवण त्या घरात रांधत आणि महिन्याच्या किराण्यासाठी सावकाराकडून पैसे उचलत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बायकांनी एकमेकींना जामीन राहून बँकेतून कर्ज मिळवले. तळावरच्या बाईची उचल आणि खानावळवालीची सावकारी देणी यांत फार फरक नाही. एकटी बाई त्यातून सुटत नव्हती, गटातली सुटली.

१९८२ चा गिरणी संप फसला, तेव्हा परतलेल्या माणसांनी खानापूर तालुक्यात काय केले, हेही आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात नोंदलेले आहे. संपकरी गावी आले ते दुष्काळात. रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या मजुरांबरोबर ते बसू लागले, आणि केवळ मजुरी मागण्याऐवजी येरळा नदीची वाळू कोण नेतो, पाणी कुठे जाते, असे प्रश्न विचारू लागले. त्यातून डॉ. भारत पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने मुक्तिसंघर्ष चळवळ उभी राहिली, बलवडी-तांदुळवाडीचे बळीराजा धरण लोकांनी बांधले, आणि पाण्यात भूमिहीनांनाही वाटा असावा हे तत्त्व तिथे मांडले गेले. गिरणीतल्या युनियनचे शहाणपण माणदेशाच्या कडेला कामी आले. आज त्याच पाण्याच्या मागणीतून उभ्या राहिलेल्या योजनांनी दुष्काळी तालुक्यांत ऊस पोहोचला आहे आणि तो तोडायला दुसऱ्या दुष्काळी भागातली माणसे येत आहेत.

आता तळावर काय घडते ते सांगते. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. आमच्या गावाच्या ओढ्याकाठी, पड रानात, दरवर्षी एक तळ पडतो. गेल्या हंगामात तिथल्या बायकांची पहिली मागणी पैशांची नव्हती, आडोशाची होती. अंघोळीला जागा नव्हती, म्हणून त्या पहाटे चारच्या आत ओढ्यावर उरकून घेत, आणि शौचाला तर अंधार पडेपर्यंत थांबत. एका संध्याकाळी चुली पेटल्यावर सहा-सात जणी एका खोपीपुढे बसल्या होत्या. तिघींनी जुनी साडी देऊ केली, एकीच्या नवऱ्याने बांबू आणले, एकीने ट्रॉलीवरची फाटकी ताडपत्री मागून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी आडोसा उभा राहिला. यात गावाचा एक पैसाही नव्हता. त्यानंतर त्या बायका दर अमावास्येला बसू लागल्या, कारण त्या दिवशी त्यांच्या टोळीत कोयता खाली ठेवतात.

दुसऱ्या बैठकीत विषय निघाला वजनाचा. गाडी काट्यावरून परत आली की पावती वाहनमालकाकडे जाते, तिथून आकडा मुकादमाला कळतो आणि मुकादम पंधरवड्याला टोळीला सांगतो. कोणत्या गाडीत कोणत्या कोयत्याच्या किती मोळ्या होत्या, हे अंदाजाने ठरते. एक बाई म्हणाली, "बाई, ऊस आमच्या डोक्यावरनं जातो, आन् टन मुकादमाच्या तोंडातनं निघतो." तिची मुलगी सातवीत होती आणि आमच्या शाळेत हंगामापुरती बसत असे. तिने शंभर पानी वही आखली: तारीख, शेतकऱ्याचे नाव, गाडीचा नंबर, कोणाच्या किती मोळ्या, आणि शेवटचा रकाना वजनाचा. तो रकाना रिकामा राहू लागला, तेव्हा बायकांनी ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला पावतीचा फोटो मोबाइलवर दाखवायची गळ घातली. त्या पोराने काही दिवस दाखवला, मग त्याला तंबी मिळाली. पण तोवर रकान्यात जेवढे आकडे भरले होते, ते पंधरवड्याच्या हिशेबाशी ताडून पाहता आले. हिशेब बसला नाही. मुकादमाने आधी आवाज चढवला, मग "चुकून राहिलं असेल" म्हणाला आणि फरक उचलीत वळता केला. रक्कम फार नव्हती. मुकादमाने टोळीला हिशेब समजावून सांगितल्याची मात्र ती पहिलीच वेळ होती, असे त्यांच्यातल्या जाणत्या माणसाने मला सांगितले.

पुढे थंडी वाढली, रात्री उघड्यावर बसणे होईना. बायकांनी बैठकीपुरती एक खोली मिळते का विचारले. गावात सभागृह आहे, देवळाचा सभामंडप आहे, एका संस्थेचा हॉल वर्षातून चार वेळा उघडतो. "त्यांना सवय लागेल" आणि "उद्या काही झालं तर जबाबदार कोण" अशी दोन उत्तरे मिळाली. गंमत अशी, की त्याच महिन्यात त्याच लोकांनी तळावर जाऊन तिळगूळ आणि ब्लँकेटे वाटली, आणि वाटपाचा फोटो काढताना बायकांना ओळीत उभे केले. आपल्याला त्यांचे हात पुढे आलेले चालतात. त्यांनी गोल करून बसलेले चालत नाही.

परदेशातले एक उदाहरण इथे देते, कारण ते द्राक्षबागांतले आहे आणि तासगाव-पलूसच्या बागायतदारांना ते सहज कळेल. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या डेलानो भागात ८ सप्टेंबर १९६५ रोजी द्राक्षतोडणी करणाऱ्या फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. तिथल्या बागायतदारांची जुनी रीत अशी होती, की फिलिपिनो थांबले की मेक्सिकन मजूर आणायचे आणि मेक्सिकन थांबले की फिलिपिनो. या वेळी आठवड्याभरात सेझार चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्याच संपात उतरली. पुढच्या वर्षी दोन्ही संघटना एक झाल्या आणि १९७० मध्ये बागायतदारांना करार करावे लागले. चावेझ यांनी जी रीत वापरली होती, ती अगदी साधी होती. मोठी सभा नाही, व्यासपीठ नाही. एखाद्या मजुराच्या घरी संध्याकाळी आठ-दहा शेजारी बोलवायचे, त्यांचे ऐकून घ्यायचे, आणि त्यांतल्या एखाद्याने पुढची बैठक आपल्या घरी ठेवायची. आपल्याकडच्या तळांवर बीडची टोळी अडली की "विजयपूरची आणतो" असे सांगितले जाते. ओढ्याच्या अलीकडे एक तळ आणि पलीकडे दुसरा असतो. दोघांची भाषा वेगळी, मुकादम वेगळे आणि तक्रार एकच.

शेतकऱ्यांची बाजू मी विसरलेली नाही. माझ्या स्वतःच्या घरचा ऊस कारखान्याला जातो. तोड यायला उशीर झाला की वजन घटते आणि पुढचे पीक लांबते. अशा वेळी टोळी खुशाली म्हणून वरचे पैसे मागते, ड्रायव्हर एंट्रीचे पैसे मागतो, आणि ते दिल्याशिवाय फडात कोयता पडत नाही. वाहनमालकांचे दुखणे त्याहून मोठे आहे. कर्ज काढून मुकादमाला लाखांनी उचल द्यायची आणि हंगामाला टोळीच आली नाही, की पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायच्या, ही वेळ आपल्या भागातल्या अनेक तरुणांवर आली आहे. या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण उचल खऱ्या कोयत्यापर्यंत किती पोहोचली, हे वाहनमालकाला कळत नाही आणि आपल्या नावावर किती घेतली गेली, हे कोयत्याला कळत नाही. मधल्या काळोखात जो उभा आहे त्याचे फावते. तळाची स्वतःची समिती असेल, तिच्यासमोर प्रत्येक कोयत्याची उचल नावानिशी वाचली जात असेल, तर वाहनमालकाचे पैसे आजच्यापेक्षा जास्त सुरक्षित राहतील. खुशालीचेही तसेच. जिच्याशी बोलता येईल अशी समिती असली, तर शेतकऱ्याला तक्रार कोणाकडे करायची हे तरी ठाऊक होईल. मजुरांची संघटना म्हणजे आपल्या विरोधातला मोर्चा, हे समीकरण डोक्यातून काढले पाहिजे.

हाच विचार कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत, बेदाण्याच्या शेडवर आणि बांधकामांवर येणाऱ्या बिहार, उत्तर प्रदेश आणि कर्नाटकातल्या कुटुंबांनाही लागू आहे. २०२० च्या टाळेबंदीत ही माणसे रस्त्याने चालू लागली, तेव्हाच ती इथे किती संख्येने राहतात हे आपल्याला कळले. त्यांचे प्रश्न थोडे वेगळे आहेत, त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे.

मागण्या फार मोठ्या नाहीत आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींना नवा कायदा लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला नंतर आला तरी चालतो. आमच्या मुख्याध्यापकांनी हे नेहमी पाळले. सगळीकडे पाळले जात नाही. आधार जोडलेले रेशनकार्ड असेल, तर धान्य इथल्या दुकानातूनही उचलता येते, आणि गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी उरलेला वाटा तिकडे उचलता येतो. हे दुकानदाराला माहीत असते, मजुराला नसते. ग्रामपंचायतीने तळ पडल्यापासून आठवड्याभरात कुटुंबांची, गरोदर बायकांची आणि सहा वर्षांखालच्या मुलांची नोंद केली, तर अंगणवाडीला आणि उपकेंद्राला काम सोपे जाते. पण ही नोंद मुकादमाला विचारून करू नये. तळावरच्या बायकांनी निवडलेल्या दोघी-तिघींबरोबर बसून करावी, आणि त्यांना बसायला सभागृहाची किल्ली द्यावी. किल्ली हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा आहे. खोली मिळाली की वही येते, वही आली की हिशेब येतो, आणि हिशेब विचारण्याची सवय लागली की पुढच्या हंगामात तळ मोडला तरी ती सवय पुढच्या गावाला जाते.

कारखान्यांकडून अपेक्षा दोनच आहेत. पहिली, काट्यावरच्या वजनाची नोंद ज्या गाडीची आहे, त्या गाडीवरच्या टोळीला मोबाइलवरच्या संदेशाने त्याच दिवशी मिळावी. शेतकऱ्याला असा संदेश येतो. तोच टोळीतल्या प्रत्येक कोयत्याने नोंदवलेल्या क्रमांकावर पाठवायला कारखान्याला वेगळा खर्च नाही. दुसरी, तोडणी करारात कोयत्यांची नावे, दोघांचीही, नवऱ्याचे आणि बायकोचे, यादी म्हणून जोडावीत. कल्याण महामंडळाकडे नोंद करायची झाली तर हीच यादी पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

आमच्या गावातल्या काही सभासदांनी या दोन मुद्द्यांचा ठराव तयार केला आहे. वार्षिक सभेत ऐनवेळच्या विषयात हात वर करून बोलले, तर अध्यक्ष "नोंद घेतली" म्हणतात आणि पुढचा विषय पुकारला जातो, हा सर्वांचा अनुभव आहे. म्हणून ठरावाची सूचना पोटनियमांत दिलेल्या मुदतीत, लेखी, पोहोच घेऊन कार्यालयात दिली आहे. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या इतर कारखान्यांच्या सभासदांनीही आपापल्या कारखान्याच्या पोटनियमांतली मुदत पाहून तशी सूचना द्यावी. ज्यांची मुदत टळून गेली असेल, त्यांनी निदान तळ पडण्याआधी आपल्या ग्रामपंचायतीकडे सभागृहाच्या वापरासाठी अर्ज करून ठेवावा. अर्ज गावच्या रहिवाशाच्या नावाने करावा, कारण तळावरच्या बाईच्या नावाने केलेला अर्ज रहिवासी पुराव्याअभावी परत येतो.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. पलूस, जि. सांगली